भाऊ गद्रे यांच्या तिकिटातील दुरुस्त्या

तिकीट मोबाइलवर आलं. मोबाइलवर आलेल्या कुठल्याही कागदावर भाऊ गद्र्यांचा विश्वास नसल्यामुळे ते नागावहून एसटीने अलिबागला गेले आणि त्याच्या दोन छापील प्रती घेऊन आले. एक फायलीला, एक वापरायला. घरी येऊन त्यांनी चष्मा पुसला, पहिली ओळ वाचली आणि ओटीवरच्या खुर्चीत सावकाश बसले. प्रवाशाच्या नावापुढे इंग्रजीत आधी ‘गद्रे’ होतं, मग एक तिरपी रेघ, आणि पुढे एका दमात, मध्ये कुठेही श्वास न घेता, ‘यशवंतदामोदरमिस्टर’.

भाऊंनी अलिबागच्या कोर्टात बत्तीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची अकरा नाझर म्हणून. नाझर म्हणजे कोर्टाच्या घरातला कर्ता माणूस. मुंबईहून न्यायमूर्ती येणार म्हटलं की त्यांची गाडी, विश्रामगृह, तिथल्या पंख्याचा रेग्युलेटर, शहाळी, परतीची बोट हे सगळं नाझराने बघायचं. नावात एक वेलांटी चुकली म्हणून ज्या माणसाने समन्सं परत पाठवली, त्याचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि मिस्टर ही तिन्ही एका दोऱ्यात ओवून कुणीतरी त्याला परदेशी धाडत होतं. वडील दामोदरपंत आयुष्यात पनवेलच्या पुढे गेले नव्हते. त्यांचा या प्रकाराशी काय संबंध, हेही भाऊंना कळेना.

तिकीट साधंसुधं नव्हतं. त्यांची मुलगी आश्लेषा ब्रिस्बेनला शहरांच्या पाणीपुरवठ्याची गणितं करते. कामासाठी तिचं विमानाने इतकं जाणं-येणं होतं की साठलेल्या पॉइंटांवर तिने वडिलांना मुंबई ते सिंगापूर आणि तिथून विमान बदलून ब्रिस्बेन असं सबंध बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. “भाऊ, खुर्चीचा पलंग होतो. तुमच्या गुडघ्याला बरं,” एवढं तिने फोनवर सांगितलं, आणि मग तिची मीटिंग सुरू झाली. आश्लेषाची मीटिंग कायम सुरूच होत असे. पत्नी सुचिताताई होत्या तेव्हा फोन त्याच घेत आणि मायलेकी अर्धा तास बोलत. शेवटी “भाऊ बरे आहेत” असा निकाल परस्पर लागे. त्या गेल्याला आता तिसरं वर्ष होतं. बापलेकींचं बोलणं रविवारी सात ते आठ मिनिटं चाले. त्यातली दोन हवामानाची.

“भाऊ, नाव चुकलं तर एअरपोर्टवरून परत पाठवतात,” शेजारच्या निकेशने सांगितलं. निकेशने आपल्या वाडीत चार खोल्यांचं कॉटेज काढलं होतं. तो स्वतः गोव्यापलीकडे विमानाने गेला नव्हता, पण त्याच्याकडे उतरणारे पाहुणे जगभर फिरलेले असत आणि त्यांचं सगळं ज्ञान तो चहाबरोबर जमा करून ठेवी. “आमच्याकडे ठाण्याचे एक गेस्ट आलेले. त्यांच्या साडूला दुबईत बसवून ठेवला. नुसत्या एका स्पेलिंगवरून.”

साडूचं पुढे काय झालं ते निकेशला माहीत नव्हतं. पण भाऊंना तेवढं पुरे होतं. तिकिटाच्या तळाशी बिझनेस क्लासच्या प्रवाशांसाठी वेगळा फोन नंबर होता. भाऊंनी कागद, पेन, पासपोर्ट आणि पाण्याचा तांब्या समोर मांडला आणि दिवसभराची तयारी ठेवून नंबर फिरवला.

फोन लगेच उचलला गेला.

ही गोष्ट भाऊंच्या ध्यानीमनी नव्हती. गॅसवाल्यापासून पेन्शनच्या ऑफिसापर्यंत, हल्ली एका वाजण्यात त्यांचा फोन उचलणारं कुणी उरलं नव्हतं. पलीकडून एक मुलगी इंग्रजीत बोलली. भाऊंचं कोर्टाचं इंग्रजी ऐकून ती आधी हिंदीत आली आणि मग मराठीत उतरली. “नमस्कार, मी रुचिका. मी आपली काय मदत करू शकते?”

भाऊंनी नावाचं प्रकरण मुळापासून सांगितलं. मुलीने मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, “काका, ते कॉम्प्युटर असंच छापतं. सगळ्यांचंच. चालतं.”

“मिस्टरसकट?”

“मिस्टरसकट. आज मी आपली आणखी काय मदत करू शकते?”

हा प्रश्न तिला कागदावर लिहून दिलेला होता आणि तो ती दिवसातून शंभरदा विचारत असणार, हे भाऊंना कळत होतं. पण आपल्याला शेवटचं हे कुणी विचारलं, ते काही त्यांना आठवेना. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “खिडकीची जागा आहे की कशी, ते जरा बघता का?”

इथून सुरुवात झाली.

निकेशचं मत पडलं की खिडकी नको, बाथरूमला जायला शेजारच्याला ओलांडावं लागतं. भाऊंनी जागा बदलून घेतली. मग निकेशच्या एका पुण्याच्या गेस्टने सांगितलं की बिझनेसला शेजारी ओलांडावा लागतच नाही, प्रत्येकाला वेगळी वाट असते. भाऊंनी पुन्हा खिडकी घेतली. मग ती पंखावर येते असं कळलं. मग पुढे सरकले तर स्वयंपाकघराशेजारी आले. “काका, त्याच्या पुढं जागाच न्हाय,” रुचिका बोलून गेली आणि तिने लगेच दुरुस्त केलं, “क्षमस्व, पुढील आसन उपलब्ध नाही.” त्या एका ‘न्हाय’वरून ही मुलगी उरणच्या बाजूची आहे हे भाऊंनी ओळखलं. खाडीपलीकडचीच निघाली. भाऊंना उगाच बरं वाटलं.

मग जेवण. यादीत ‘हिंदू जेवण’ असा स्पष्ट पर्याय होता आणि भाऊंनी तो निःशंक मनाने निवडला. दोन दिवसांनी रुचिकाने सहज विचारलं, “काका, तुम्ही चिकन खाता ना?” गद्र्यांच्या घरात अंडंसुद्धा मागच्या दाराने येत नसे. तेव्हा कळलं की विमान कंपनीच्या शास्त्राप्रमाणे हिंदू जेवणात मासे, कोंबडी सगळं येऊ शकतं आणि भाऊ जे खातात त्याला ‘एशियन व्हेजिटेरियन’ म्हणतात. भाऊंनी त्यावर एक दिवस विचार केला. मध्ये जैन जेवणाची चौकशी केली, पण त्यात बटाटा नव्हता आणि बटाट्याशिवाय बारा-तेरा तास काढणं त्यांना अशक्य वाटलं. शेवटी हिंदू जेवण नाकारून ते रीतसर आशियाई झाले.

मग सामान. वाडीत कामाला येणारी काशी भाऊंच्या घरी दुपारी सुपारी सोलायला बसत असे. ती म्हणाली, “ताईला सुकट न्या. लहानपनी माज्याकडं येऊन खायाची, वैनींना ठावं होतं.” आपल्या मुलीने सुकट खाल्ली आहे ही बातमी भाऊंना पस्तीस वर्षं उशिरा मिळाली. त्यांनी ती पोटात घातली आणि फोन लावला. ऑस्ट्रेलियात सुकट चालत नाही. सुपारी चालत नाही. ओला नारळ चालत नाही. आमसुलाचं रुचिकाला माहीत नव्हतं, कारण आमसुलाला इंग्रजीत काय म्हणतात यावर त्यांचं एकमत होईना. त्यासाठी तीन फोन झाले.

एव्हाना भाऊंना रुचिकाची पाळी पाठ झाली होती. सकाळी सात ते तीन. बुधवारी सुट्टी. पूर्वी कुठल्या न्यायाधीशाचा बोर्ड, म्हणजे दिवसाचं कामकाज, कधी संपतं हे त्यांना जसं ठाऊक असायचं, तसंच. सकाळी गुडघा सांभाळत समुद्रावर फिरून यायचं, आंघोळ, पूजा, आणि साडेनवाला फोन. बुधवारी ते कुणालाच फोन करत नसत आणि बुधवार त्यांना लांबच लांब वाटे.

खरा पेच पडला तो सिंगापूरला. तिथे दोन विमानांमध्ये दोन तास दहा मिनिटं होती. “चुकलंच समजा,” निकेश म्हणाला. “एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला ट्रेन आहे भाऊ. विमानतळाच्या आत ट्रेन.” भाऊंनी लगेच नंतरचं विमान धरायला लावलं. आता मध्ये नऊ तास आले. या नऊ तासांचं करायचं काय, हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता, नाझराला नव्हे. त्यांनी कपाटातून जुना नमुना काढला आणि ‘मा. श्री. य. दा. गद्रे यांचा सिंगापूर दौरा कार्यक्रम’ लिहायला घेतला. ५.५० आगमन. ५.५० ते ६.२० हातपाय धुणे. ६.२० ते ७.०० चहा (मिळाल्यास). ७.०० ते ८.०० राखीव. असं करत करत १०.१५ ते ११.४५ शहरदर्शन.

नमुन्यात प्रत्येक कलमापुढे शेवटचा रकाना ‘सोबत’ असा असे. न्यायमूर्तींच्या वेळी त्यात जिल्हा न्यायाधीश, तहसीलदार, फौजदार आणि सर्वांत शेवटी नाझर अशी नावं येत. भाऊंनी त्या रकान्यात पहिल्या कलमापुढे एक आडवी रेघ मारली. मग दुसऱ्या कलमापुढे मारली. चौदा कलमं होती. चौदा रेघा मारून झाल्यावर त्यांनी तो कागद बराच वेळ तसाच समोर धरला. मग पट्टी घेतली आणि तो रकानाच काढून टाकून सगळा कार्यक्रम पुन्हा लिहिला. एक प्रत निकेशला दिली. एक आश्लेषाला फोटो काढून पाठवली. तिने अंगठा पाठवला. एक रुचिकाला द्यायची होती, पण त्यांच्याकडे बाहेरचे कागद घेत नाहीत म्हणे.

“वाचून दाखवा ना काका,” ती म्हणाली. भाऊंनी वाचून दाखवला. “आमच्या घरातलं कोनच अजून विमानात न्हाय बसलं,” ती म्हणाली. “मी रोज लोकांना सीट देते, पन मी पन न्हाय.” या वेळी तिने काही दुरुस्त केलं नाही.

प्रयाण ठरलं होतं बारा नोव्हेंबरला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाऊंनी फोन करून सांगितलं की सुपारी उतरवायची आहे, तारीख पुढची द्या. ते खरंही होतं, निदान निम्मं. सुपारी काशीच उतरवून घेत असे. महाग तिकिटाला तारीख बदलायला काही पडत नाही, हा त्याचा मोठाच गुण. डिसेंबर मिळाला. डिसेंबरात त्यांना आठवलं की हयातीचा दाखला द्यायचा आहे. तो नोव्हेंबरातच देऊन झाला होता, पण तो नीट नोंदला गेला की नाही हे कोण बघणार. जानेवारी मिळाला. तारखा पडण्याची भाऊंना सवय होती; त्यांच्या डोळ्यांसमोर माणसं तारखा घेत घेत म्हातारी झाली होती. जानेवारीत त्यांनी कारण दिलं की नागावच्या घराला कुलूप लावून जायचं तर कुलूप नवं घ्यायला हवं.

या वेळी पलीकडून तारीख आली नाही.

“काका,” रुचिका म्हणाली, “हा कॉल रेकॉर्ड होतोय.”

“होऊ दे की.”

“काल साहेबांनी लिस्ट काढली. तुमच्या एका तिकिटावर त्रेचाळीस कॉल हायेत. त्यांनी मला बोलावलं. पॅसेंजरला काही प्रॉब्लेम हाय का, विचारलं.”

“मग तू काय सांगितलंस?”

“न्हाय म्हटलं. काका, तुम्हाला जायचंय ना?”

भाऊंना भर कोर्टात कुणीतरी आपलं नाव पुकारावं तसं झालं. त्यांनी घसा साफ केला आणि ठेवणीतल्या आवाजात सांगितलं की तिकिटात दुरुस्ती मागणं हा प्रवाशाचा अधिकार आहे आणि तो कुठल्या कारणाने बजावला हे विचारण्याचा कंपनीला काही एक अधिकार नाही. मग त्यांनी फोन ठेवला.

चार दिवस त्यांनी फोन केला नाही. काशीने सुपारी सोलता सोलता विचारलं, “भाऊ, आज इमानवाल्या पोरीचा फोन न्हाय व्हय?”

“मीच करत असे. ती करत नसे,” भाऊ म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलल्यावर ऐकू आलं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेनवाला त्यांनी फोन लावला. पुरुषाचा आवाज आला. रुचिका आता दुसऱ्या विभागात आहे असं त्याने सांगितलं. त्या विभागात फोन येत नाहीत. आपण काय सेवा करू शकतो, असं त्याने विचारलं. भाऊंच्या मनात नव्हतं तेच त्यांच्या तोंडून निघून गेलं. “तिकीट रद्द करायचं आहे.”

“कारण?”

“वैयक्तिक.”

त्या मनुष्याने पुढे काहीही विचारलं नाही. तो कार्यक्षम होता. दोन मिनिटं चाळीस सेकंदांत जागा गेली, जेवण गेलं, सिंगापूरचे नऊ तास गेले. “आणखी काही मदत?” भाऊ नाही म्हणाले. मग त्यांना वाटलं, निदान त्या मुलीचे आभार तरी कळवावेत. पुन्हा नंबर लावला तर या वेळी मशीनने आधी बुकिंग क्रमांक मागितला. त्यांनी तो दाबला. असा क्रमांक अस्तित्वात नाही, असं मशीन म्हणालं.

त्या दिवशी त्यांनी जेवायला भात तेवढा केला आणि तोही उरला. ओटीवर बसले. निकेशच्या कॉटेजमध्ये कुणी चाकरमानी मंडळी मुलांना ओरडत होती. ती ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आश्लेषाचा फोन आला. रविवार नव्हता.

“काय गं, बरी आहेस ना?”

“तुम्ही तिकीट रद्द केलंत,” ती म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं?”

“भाऊ, तिकीट मी काढलंय. तुम्ही काहीही बदललं की मला ई-मेल येते. एकोणतीस आल्या. मी त्या सगळ्या ठेवल्यात. ऑफिसात दुपारी डबा खाताना उघडायचे. सीट बदलली की कळायचं, निकेशदादा येऊन गेला. मध्ये तुम्ही जेवण बदलून नुसती फळं घेतली होतीत, तेव्हा वाटलं, पोट बिघडलंय.”

“बिघडलं होतं,” भाऊ म्हणाले. “दोन दिवस.”

“मला वाटलंच.”

“मग तू फोन का नाही केलास?”

“काय बोलू? तुम्ही म्हणता, ठीक आहे. मी म्हणते, ठीक आहे. आई असताना तीच सगळं काढून घ्यायची आपल्याकडून.” तिचा आवाज बारीक झाला. “त्या ई-मेलमध्ये निदान काहीतरी कळायचं. काल एवढंच आलं, रद्द. तुम्हाला यायचं नाहीये का माझ्याकडे?”

भाऊंना पूर्वी साक्षीदारांचा राग येत असे, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देत नाहीत म्हणून. त्यांनी वाडीकडे पाहिलं. काशी सोललेल्या सुपाऱ्या पसरत होती.

“यायचंय,” ते म्हणाले. “पण येऊन गेल्यावर काय करू? आता निदान यायचं आहे असं तरी आहे. त्याची व्यवस्था असते. रोज काहीतरी निघतं. कुणाशी बोलणं होतं. परत आल्यावर मला कशाची व्यवस्था बघायची राहणार?”

हे वाक्य आपण इतके दिवस मनात बाळगून होतो हे भाऊंनाही ते बोलल्यावरच कळलं. पलीकडे आश्लेषा रडते आहे की काय ते नीट कळेना. लाइन खराब आहे असं त्यांनी ठरवलं.

“ते परत गेल्यावर बघू,” ती शेवटी म्हणाली. “आधी या. आणि आता बिझनेस क्लास मिळणार नाही. माझे पॉइंट अडकलेत, परत यायला दोन महिने लागतील. एक वर्ग खालचं काढते. खुर्ची जरा रुंद असते, पण पलंग होत नाही.”

“फोन नंबर असतो का त्याला?”

“सगळ्यांचाच असतो तो. चाळीस मिनिटं गाणं वाजतं.”

“मग राहू दे,” भाऊ म्हणाले.

तिकीट आलं. नाव तेच, एका दमात. सिंगापूरला पुन्हा दोन तास दहा मिनिटंच. जेवणात काय आहे ते भाऊंनी विचारलं नाही. निकेशने सांगितलं की खालच्या वर्गात पायाला सूज येते, तेव्हा दर तासाला उभं राहायचं. ते मात्र त्यांनी लिहून घेतलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निकेश त्यांना आपल्या गाडीने मांडव्याला घेऊन गेला, गाडीसकट रो-रो बोटीत चढला आणि विमानतळापर्यंत पोचवून, “भाऊ, आत गेल्यावर कुणाचं ऐकू नका,” असा सल्ला देऊन परत गेला. तेवढा एक सल्ला त्याने आधी दिला असता तर बरं झालं असतं.

विमानात शेजारी एक तरुण होता. तो कानात बोंडं घालून सिंगापूरपर्यंत झोपला. भाऊ दर तासाला उभे राहिले. सकाळी सिंगापूरला उतरले, ट्रेनमध्ये बसले, योग्य ठिकाणी उतरले, ब्रिस्बेनच्या फाटकाशी पाऊण तास आधी पोचले, आणि आपण हे सगळं कुणालाही न विचारता केलं याचं त्यांना इतकं आश्चर्य वाटलं की ते सांगायला त्यांनी शेजारच्या बाकाकडे पाहिलं. तिथे कुणाची तरी बॅग होती.

मग पाटीवर अक्षरं बदलली. विमान चार तास उशिरा.

फाटकाजवळच्या टेबलाशी माणसांची रांग लागली. गणवेशातली एक मुलगी प्रत्येकाशी हसून बोलत होती. तिला विचारण्यासारखं पुष्कळ होतं. जागा तीच राहील का, सामान कुठे आहे, चहा मिळेल का. भाऊ रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर पाचवा होता, मग चौथा झाला. मग ते रांगेतून बाहेर पडले, काचेपाशी गेले आणि विमानतळाचं वायफाय जोडून त्यांनी आश्लेषाला फोन लावला. तिकडे सकाळचे दहा वाजले होते. कामाच्या वेळी त्यांनी तिला कधीच फोन केला नव्हता.

“भाऊ? काय झालं?”

“काही नाही. विमान चार तास उशिरा आहे. कळवावं म्हटलं. तू मीटिंगमध्ये असशील.”

“होते. बाहेर आले.”

“मग जा आत. मी बसतो इथे.”

“चार तास काय करणार तुम्ही?” एक दार लागल्याचा आवाज आला आणि मागची माणसांची गडबड थांबली. “बोला. मी बसलेय.”

भाऊंनी फोन या हातातून त्या हातात घेतला. खाली धावपट्टीवर एक विमान हळूहळू वळत होतं. सांगण्यासारखं विशेष काहीच घडलं नव्हतं. म्हणून त्यांनी घराला कुलूप लावल्यापासून सुरुवात केली.